'वंचित' या शब्दापासून १३२५ अक्षरांपर्यंत : वैद्यकीय प्रवेशाच्या निबंधाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात मुख्य निबंधाला मोकळ्या जागा धरून ५३०० अक्षरांची मर्यादा आहे आणि तो कसा लिहावा याविषयीच्या सल्ल्यांना तोटा नाही. प्रस्तुत टिपणाचा रोख त्याच अर्जातील दुसऱ्या, त्याहून लहान अशा १३२५ अक्षरांच्या चौकटीकडे आहे. २०२४च्या प्रवेशासाठीचा अर्ज मे २०२३मध्ये खुला झाला, तेव्हा या चौकटीवरचा मथळा बदललेला होता. 'आपली गणना वंचित अर्जदारांत व्हावी असे आपल्याला वाटते का' या आशयाचा जुना प्रश्न गेला होता आणि त्याच्या जागी 'इतर परिणामकारक अनुभव' या नावाचा नवा प्रश्न आला होता. कुटुंब, आर्थिक स्थिती, भोवतालचा समाज, शिक्षण यांपैकी कशाही संदर्भात अर्जदाराने ज्या अडचणींना तोंड दिले असेल त्या त्याने येथे सांगाव्यात, अशी अपेक्षा त्यात होती. लेखनमर्यादा मात्र पूर्वीचीच राहिली.

हा बदल, प्रवेशात वंशाचा विचार करणे अवैध ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे झाला असे सर्रास सांगितले जाते, पण तारखा त्याला दुजोरा देत नाहीत. निकाल २९ जून २०२३ रोजी लागला. नवा प्रश्न त्याआधीच अर्जात आला होता. 'वंचित' हा शिक्का स्वतःवर मारून घ्यायला अनेक अर्जदार कचरत होते, आणि नेमके कोणी 'होय' म्हणायचे याविषयी संदिग्धता होती, हे बदलामागचे कारण होते. ही संदिग्धता नवी नव्हती. तिचे मूळ किमान पन्नास वर्षे मागे, १९७३ सालच्या एका छापील अर्जात सापडते.

त्याआधीच्या काळाचा आढावा थोडक्यात घेता येईल. १९१० साली अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करणारा गाजलेला अहवाल प्रसिद्ध झाला आणि सुमार शाळा एकामागून एक बंद पडत गेल्या. जागा घटल्या आणि निवडीचा प्रश्न पहिल्यांदाच गंभीर झाला. प्रवेश घेतलेल्यांपैकी बरेच जण अभ्यासक्रम अर्धवट सोडतात म्हणून १९२०च्या दशकाच्या अखेरीस अभियोग्यता चाचणी आली. आजची 'एमकॅट' ही तिचीच वंशज होय. मात्र याच काळात अनेक ठिकाणी अर्जात धर्म, आईवडिलांचे जन्मस्थान असे प्रश्न विचारले जात, आणि 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' यांच्या मूल्यमापनाचा उपयोग ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी होत असे. गुणांपलीकडचा माणूस पाहण्याची कल्पना आज उदार वाटते. तिचा पहिला वापर मात्र दार लावून घेण्यासाठी झाला होता. निबंधाचे गुणगान करणाऱ्या पुस्तिका हा भाग सहसा वगळतात.

आता १९७३कडे येऊ. कॅलिफोर्नियातील एका नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात १०० जागा होत्या आणि त्यांपैकी १६ एका विशेष योजनेखाली भरल्या जात. त्या वर्षी २४६४ अर्ज आले, पुढच्या वर्षी ३७३७. सर्वसाधारण गटात ४ पैकी २.५ पेक्षा कमी सरासरी असलेला अर्ज आपोआप बाद होई. मुलाखतीपर्यंत पोहोचणाऱ्यांना मात्र समितीचा प्रत्येक सदस्य १०० पैकी गुण देई, आणि हे गुण देताना परीक्षेतील गुण, शिफारसपत्रे, अभ्यासाबाहेरील कामे आणि चरित्रविषयक माहिती हे सारे एकत्र पाहिले जाई. विशेष योजनेतील अर्जदारांची तपासणी स्वतंत्र समिती करी आणि त्यांना २.५ची अट लागू नव्हती. या योजनेत कोण बसेल हे ठरवणारा प्रश्न १९७३च्या अर्जात असा होता : आपला विचार 'आर्थिक आणि/किंवा शैक्षणिकदृष्ट्या वंचित' म्हणून व्हावा असे आपल्याला वाटते का? १९७४च्या अर्जात तोच प्रश्न बदलून 'अल्पसंख्याक गटाचे सदस्य' असा झाला.

या प्रवेशांवरून पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला; बारा महिन्यांत झालेला हा शब्दपालट मला त्या खटल्यातील सर्वांत बोलका तपशील वाटतो. कागदोपत्री योजना वंचितांसाठी होती आणि गोऱ्या वंचित अर्जदारांनीही त्या योजनेखाली मोठ्या संख्येने अर्ज केले होते; पण त्यांच्यापैकी एकालाही तिच्यातून प्रवेश मिळाला नाही, अशी नोंद न्यायालयाच्या निकालपत्रातच आहे. म्हणजे शब्द परिस्थितीचा आणि वापर वंशाचा, अशी ही गाठ होती. मराठी वाचकाला ती चटकन उमगावी, कारण 'मागास', 'वंचित' आणि 'दुर्बल घटक' हे शब्द आपल्याकडेही एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि त्यांपैकी कोणता शब्द परिस्थिती सांगतो व कोणता यादी, हे संदर्भावरूनच ओळखावे लागते.

१९७३ आणि १९७४ या दोन्ही वर्षी प्रवेश नाकारला गेलेला, तिशी ओलांडलेला एक गोरा अभियंता न्यायालयात गेला. पहिल्या वर्षी त्याला ५०० पैकी ४६८ आणि दुसऱ्या वर्षी ६०० पैकी ५४९ गुण मिळाले होते. २८ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला, आणि वेगळ्या पाच विरुद्ध चार अशा मतांनी वंशाचा विचार पूर्णपणे निषिद्ध नसल्याचेही सांगितले. दोन्ही बाजूंना जोडणारा न्यायाधीश एकच होता आणि त्याचे संपूर्ण विवेचन दुसऱ्या कोणाही न्यायाधीशाला मान्य नव्हते. राखीव जागा ठेवता येणार नाहीत, मात्र प्रत्येक अर्जदाराकडे व्यक्ती म्हणून पाहताना वंश हा अनेक घटकांपैकी एक मानता येईल, ही त्याची मांडणी पुढील पंचेचाळीस वर्षे टिकली. व्यक्ती म्हणून पाहायचे तर व्यक्तीने स्वतःविषयी काही सांगायला हवे, हे ओघानेच आले. अर्जातील निबंध त्या आधीही होता. पण निवडीचे कायदेशीर समर्थन ज्यावर उभे राहते अशा कागदांपैकी तो एक झाला, तो या निकालानंतर. २००३ साली कायदा महाविद्यालयाच्या एका प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका अधिक पक्की केली आणि 'समग्र परीक्षण' हा शब्दप्रयोग प्रवेशसमित्यांच्या तोंडी रुळला.

दरम्यान, निबंधावर किती विसंबावे हा वेगळाच वाद चालू होता. घरी बसून लिहिलेला मजकूर कोणाचा, हे कळणार कसे? १९९१ साली 'एमकॅट' परीक्षेतच लेखनाचा विभाग घातला गेला : प्रत्येकी तीस मिनिटांचे दोन निबंध आणि त्यांना 'जे' ते 'टी' या अक्षरांत श्रेणी. विधान दिले जाई. ते समजावून सांगायचे, त्याला छेद देणारा दाखला द्यायचा आणि दोहोंचा मेळ घालायचा. उमेदवाराने पर्यवेक्षकाच्या नजरेखाली लिहिलेला असा मजकूर उपलब्ध असूनही प्रवेशसमित्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही आणि २०१३पासून तो विभाग बंद झाला. यातला बोध सरळ आहे : समित्यांना लेखनकौशल्याची परीक्षा नको होती, त्यांना कहाणी हवी होती.

कहाण्या उसन्याही आणता येतात, हे ब्रिटनमध्ये २००७ साली उघड झाले. तेथील केंद्रीय अर्जसेवेने सुमारे ५० हजार निवेदने संगणकावर ताडून पाहिली, तेव्हा आठव्या वर्षी पायजम्याला भोक पाडणारा जाळाचा प्रसंग २३४ जणांच्या आयुष्यात घडल्याचे आढळले; १७५ निवेदनांत वृद्ध किंवा आजारी आजोबा होते आणि 'मानवी शरीर कसे चालते याचे आकर्षण' अशा धर्तीची सुरुवात ३७० ठिकाणी होती. त्यानंतर साम्य शोधणारी प्रणाली तेथे कायमची आली. ४००० अक्षरांचे सलग निवेदनही आता राहिलेले नाही. २०२६च्या प्रवेशापासून तेवढीच मर्यादा तीन प्रश्नांत विभागली आहे आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे असावे लागते. अमेरिकेने या वाटेने जाण्याचे टाळले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबतही तेथील सामायिक अर्जसेवेचे धोरण सौम्य आहे : कल्पना सुचण्यासाठी आणि मुद्रितशोधनासाठी मदत चालेल, अंतिम मजकूर मात्र स्वतःचा असल्याची ग्वाही अर्जदाराने द्यावी.

अमेरिकी निबंधाचे खरे ओझे वाढले ते २९ जून २०२३च्या निकालाने. खटले दोन विद्यापीठांच्या पदवीपूर्व प्रवेशांविषयी होते आणि वैद्यकीय महाविद्यालये त्यांत पक्षकार नव्हती, तरी निकाल त्यांनाही लागू झाला. वंशाला निवडीत घटक म्हणून स्थान देणे यापुढे अवैध ठरले. मात्र निकालपत्राच्या शेवटी बहुमताने एक वाट मोकळी ठेवली : वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, मग तो भेदभावातून असो, प्रेरणेतून असो वा अन्य प्रकारे, याविषयी अर्जदाराने लिहिले, तर ते विचारात घेण्यास मनाई नाही. आणि लगोलग त्या वाटेवर अडसरही घातला : आज जी व्यवस्था अवैध ठरली तीच निबंधांच्या किंवा अन्य मार्गाने पुन्हा उभी करता येणार नाही, लाभ द्यायचा तर तो त्या विशिष्ट विद्यार्थ्याच्या धैर्याशी, निर्धाराशी किंवा क्षमतेशी जोडलेला असावा. विरोधी मत नोंदवणाऱ्यांना ही सवलत पोकळ वाटली, आणि त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. भेदभावाला तोंड देताना धैर्य दिसले हे सांगायला भेदभाव सांगावाच लागतो. वाचणाऱ्याने धैर्य मोजायचे आणि भेदभाव मोजायचा नाही, ही कसरत कागदावर सोपी आणि समितीच्या खोलीत अवघड आहे.

या दोन वाक्यांचा परिणाम मुख्य निबंधापेक्षा दुय्यम निबंधांवर अधिक झाला. सामायिक अर्जानंतर प्रत्येक महाविद्यालय आपापले प्रश्न पाठवते. विद्यार्थ्यांच्या भाषेत या 'सेकंडरीज'. पंधरा-वीस ठिकाणी अर्ज करणाऱ्याला त्यांची उत्तरे लिहिता लिहिता उन्हाळा संपतो. 'विविधतेत आपण कोणती भर घालाल' हा त्यांतील जुना ठरीव प्रश्न अनेक ठिकाणी वकिलांच्या नजरेखालून गेला आणि 'आपण सोसलेली अडचण' किंवा 'आपल्याला घडवणारा अनुभव' असे रूप घेऊन परत आला. सामायिक अर्जातील नवी १३२५ अक्षरांची चौकट तर तयारच होती. निकालासाठी न बनवलेली ही चौकट निकालानंतरच्या परिस्थितीला इतकी चपखल बसली, की तिचा जन्म निकालातून झाला असा समज पसरणे स्वाभाविक होते.

दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक अर्जदार आणि सुमारे २३ हजार जागा असे हे गणित आहे. निकालानंतरच्या पहिल्या पूर्ण प्रवेशफेरीत, म्हणजे २०२४च्या तुकडीत, नव्याने दाखल झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा ११.६ टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांची १०.८ टक्क्यांनी घटली. त्या दोन्ही गटांतील अर्जदारांची संख्या घटलेली नव्हती. निबंधाची मोकळी ठेवलेली वाट जुन्या व्यवस्थेची जागा घेईल, ही एका बाजूची आशा आणि दुसऱ्या बाजूची भीती होती. एका वर्षाच्या आकड्यांवरून अंतिम निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल; तरी या आकड्यांत त्या भीतीला आधार सापडत नाही.

जुलै २०२५च्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका खात्याने सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांसाठी मार्गदर्शक टिपण काढले. 'अडथळ्यांवर मात केल्याच्या' कथनांचा आणि 'विविधता निवेदनांचा' त्यात नावानिशी उल्लेख आहे, आणि असे लेखन वंशाचा आडमार्ग म्हणून वापरले गेल्यास ते अवैध ठरू शकते असा इशाराही आहे. टिपणाला कायद्याचे बळ नाही. निधी थांबण्याची धास्ती मात्र आहे. त्यामुळे १९७३च्या अर्जातील जो पेच एका शब्दापुरता होता, तो आता उत्तराच्या संपूर्ण मजकुराला चिकटला आहे : अर्जदाराने काय लिहावे यावर बंधन नाही, ते कोणत्या कारणासाठी वाचले गेले याचा जाब मात्र महाविद्यालयाला द्यावा लागू शकतो.