टाकीत औषधं तीन, कोळ्यावर चाल एकाची

फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागलं की नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत काही पानं तांबूस, मलूल दिसायला लागतात. पान उलटं करून भिंगाखाली धरा. शिरेच्या कडेला बारीक जाळी, जाळीत गोल पारदर्शक अंडी, आणि त्यांच्यामधून चालणारे अर्ध्या मिलिमीटरचे आठ पायांचे जीव दिसतील. हा लाल कोळी. पेशीत सोंड खुपसून तो आतला हिरवा रस शोषतो. उष्ण, कोरड्या हवेत अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

शेतकरी दुकानात जातो तेव्हा प्रश्न एकट्या कोळ्याचा नसतो. फुलकिडे असतात, भुरी असते, वर टॉनिकही द्यायचं असतं. मजुरी आणि डिझेल पाहता सगळं एकाच टाकीत घालावंसं वाटणं साहजिक आहे. पण कोळी हा कीटक नाही, तो गोचिडांच्या गोतातला. कीटकांवर चालणारी कित्येक औषधं त्याला फारशी लागत नाहीत, आणि टाकीत जमलेली औषधं कधी कधी एकमेकांच्याच आड येतात.

बायफेनाझेट हे खास कोळीनाशक घ्या. बाटलीत असतं त्या रूपात ते कोळ्याला तितकंसं विषारी नसतं. कोळ्याच्या शरीरातली एस्टरेज नावाची विकरं (एन्झाइम) त्याचा एक बंध तोडतात. मग जे तयार होतं, ते पेशीतली ऊर्जा बनवण्याची साखळी बंद पाडतं. म्हणजे हे विष कोळी स्वतःच्याच हाताने तयार करतो. आता याच टाकीत क्लोरपायरीफॉससारखं ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक पडलं, तर ते मज्जासंस्थेतल्या विकराबरोबर ही एस्टरेजही बंद करून टाकतं. बंध तुटत नाही, बायफेनाझेट तसंच पडून राहतं. बेल्जियममधल्या संशोधकांनी हा विरोध प्रयोगशाळेत दाखवून दिला आहे.

गंमत अशी, की हीच करामत दुसरीकडे फायद्याची ठरते. कापसाच्या बोंडअळीवर प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं तयार मिश्रण वर्षानुवर्षं विकलं जातं. तिथे एस्टरेज हे अळीचं हत्यार असतं, सायपरमेथ्रिन पचवून टाकणारं. प्रोफेनोफॉस ते बोथट करतं आणि सायपरमेथ्रिनचा जोर वाढतो. म्हणून ‘अमक्यात तमकं चालतं’ हा दुकानातला सल्ला मला अपुरा वाटतो. कुठल्या किडीवर, हे आधी विचारायला हवं.

काही मिश्रणं आणखी आडवळणाने नडतात. सायपरमेथ्रिनसारखं सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारलं की कोळी खाणारे स्टेथोरससारखे छोटे काळे भुंगेरे आणि भक्षक कोळी आधी मरतात. कोळी उरतो आणि त्याला अडवणारं कुणी नसतं. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं प्रकरण तर याहून विचित्र. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या एल्म झाडांना एका भुंगेऱ्यापासून वाचवायला ते दिलं गेलं, आणि त्या झाडांवर कोळी उसळला. तपासात दिसलं, की औषध दिलेल्या झाडांची पानं खाणाऱ्या माद्या जास्त अंडी घालत होत्या. तुडतुड्यासाठी टाकीत इमिडाक्लोप्रिड घालणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

मग दोन कोळीनाशकंच एकत्र केली तर? हिशेब आकर्षक आहे: एकाला दाद न देणारा कोळी दुसऱ्याने मरेल. पण त्यासाठी दोघांचे घाव वेगवेगळ्या जागी पडायला हवेत. एटोक्साझोल आणि हेक्झिथायझॉक्स यांच्या बाटल्या वेगळ्या, कंपन्या वेगळ्या. घाव मात्र एकाच ठिकाणी, कोळ्याच्या कवचातलं कायटिन बनवणाऱ्या विकरावर. त्या विकरातला एकच अमिनो आम्लाचा घटक बदलला की कोळी दोन्हींना पुरून उरतो. शिवाय कोळ्याचे नर निषेचन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात, त्यांच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. इतर किडींत झाकून राहणारा असा बदल नरात लगेच उघडा पडतो, आणि तोच नर फवारणीतून वाचतो. याच कुळातला दोन ठिपक्यांचा कोळी आजवर 90 हून अधिक विषारी घटकांना निगरगट्ट झाल्याची नोंद आहे.

मिश्रण करणाऱ्याच्या अंगाचाही विचार हवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. तेव्हाच्या चर्चेत एकापेक्षा अधिक औषधं मिसळण्याचा मुद्दा वारंवार आला. काही विषं एकत्र आली की माणसाच्या शरीरातली विकरंही तशीच अडू शकतात.

जुळणारी जोडीही आहे. प्रोपरगाइट चालत्या-फिरत्या कोळ्यांना मारतं, अंड्यांवर त्याचा जोर कमी. हेक्झिथायझॉक्स अंडी आणि पिल्लं आवरतं, प्रौढांना मारत नाही. पण नुसतं हेक्झिथायझॉक्स मारलेल्या बागेत तिसऱ्या दिवशी भिंग लावलं तर माद्या खुशाल फिरताना दिसतात. औषध फुकट गेलं असं वाटून बागाईतदार आणखी एक बाटली आणतो. त्या माद्यांनी आता घातलेली बहुतेक अंडी फुटणारच नसतात. त्यामुळे भिंग हातात असेल तर माद्या मोजण्यापेक्षा पानावर खूण करून तिथली अंडी पाहावीत, आणि आठवड्याने त्याच पानावर पिल्लं दिसतात का ते बघावं.