उसात गेलेला चेंडू

उन्हाळ्यात आमच्या मराठवाड्यात टीव्हीवरच्या लीगशिवाय आणखी एक लीग चालते. ज्वारी निघाली की रान मोकळं होतं. पोरं धसकटं वेचतात, मधली पट्टी पाणी शिंपडून ट्रॅक्टरच्या चाकाखाली दाबून घेतात, फक्की मारतात आणि रस्त्यावर फ्लेक्स लागतो: अमुक साहेबांच्या वाढदिवसानिमित्त भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा. पहिलं बक्षीस साहेबांकडून, दुसरं त्यांच्या भावाकडून. उद्घाटनाला साहेब स्वतः एक चेंडू खेळतात. त्या चेंडूवर आजवर कुणी साहेब बाद झालेले मी पाहिले नाहीत.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरजवळच्या एका गावात मी अशीच स्पर्धा पाहत होतो. धुरळा फार उडायला लागला म्हणून सामना थांबवला आणि टँकर मैदानात शिरला. मागच्या नळाला भोकं पाडलेला पाइप बांधलेला, त्यातून पाण्याची झारी. टँकरने दोन फेऱ्या मारल्या, मातीचा वास आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मैदानाच्या कडेला दोन बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. टँकर निघून गेल्यावर त्याही गेल्या.

ते वर्ष कसलं होतं हे लातूरकरांना सांगायला नको. शहराला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. लोक गाडी बघायला स्टेशनात जमले होते. आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवा. १३ सामने गेले. मुंबईत होणारा अंतिम सामना बंगळुरूला झाला.

या आदेशामागच्या याचिकेतला आकडा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता: महाराष्ट्रातल्या सामन्यांच्या खेळपट्ट्यांसाठी ६० लाख लिटर पाणी. हा आकडा खरा की फुगवलेला, हे तपासायला कागद-पेन्सिल पुरते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी साचलं तर ते बरोबर एक लिटर भरतं. एवढं लक्षात ठेवलं की पाण्याची निम्मी भांडणं पारावर बसून सोडवता येतात.

आधी खेळपट्टी. २२ यार्ड लांब, १० फूट रुंद, म्हणजे साधारण ६१ चौरस मीटर. ती चांगली भिजवायला ५० मिलिमीटर पाणी धरलं तरी ३ हजार लिटर होतात. गावात येणारा मोठा टँकर १० हजार लिटरचा असतो, त्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. मग पाणी जातं कुठं? हिरवळीत. सीमारेषेपर्यंतची त्रिज्या ७० मीटर धरा, क्षेत्रफळ १५ हजार चौरस मीटरच्या पुढे जातं, पावणेचार एकर. उन्हाळ्यात गवताच्या पानांतून आणि मातीतून मिळून रोज ५ मिलिमीटर पाणी हवेत उडतं, तापमान चढलं की त्याहून जास्त. म्हणजे एका मैदानाला रोज ७५ हजार लिटर. मुंबई, पुणे, नागपूर मिळून सव्वादोन लाख. महिनाभर धरले की ६० लाखांच्या आसपासच येतं. ताळा जमतो. ‘खेळपट्ट्यांसाठी’ हा शब्द चुकला होता, आकडा नव्हे.

गंमत म्हणजे मैदानांवर लावतात ते बर्म्युडा गवत आपल्या हरळीचीच जात. जी हरळी मुळासकट काढण्यात आमच्या आज्यांच्या पिढीची कंबर गेली, तिच्याच सुधारित वाणांना तिथं रोज आंघोळ. वास्तविक हरळी फार काटक. पाणी तोडलं तर ती पिवळी पडून झोपी जाते, मरत नाही, पहिल्या पावसाला पुन्हा उठते. पण पिवळं मैदान टीव्हीवर शोभत नाही.

आता तोच हिशोब उसाला लावू. उसाला वर्षभरात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. मधला आकडा दोन हजार घेऊ. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. गुणाकार केला की एकरी ८० लाख लिटर येतात. ज्या ६० लाख लिटरवरून देशभर चर्चा झाली, ते पाऊण एकर उसाचं पाणी. मराठवाड्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. म्हणजे पाऊस चांगला झाला तरी उसाची दोन तृतीयांश तहान धरण, विहीर नाहीतर बोअरनेच भागवायची. आणि आपल्याखालचा खडक बेसाल्टचा, काळा पाषाण. त्याच्या पोटात वाळूच्या थरासारखी जागा नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी. हजार फूट बोअर मारला म्हणजे हजार फूट पाणी मिळालं असं होत नाही, पुष्कळदा नुसता फुफाटाच वर येतो.

साखरेपर्यंत हिशोब नेला तर एक किलोमागे दोन-अडीच हजार लिटर पाणी पडतं. सामना बघताना प्यालेल्या चहातला एक चमचा साखर म्हणजे १० ते १२ लिटर, जवळजवळ एक बादली. हॉटेलात टीव्हीसमोर बसून ‘बंद करा हे क्रिकेट, पाण्याची नासाडी’ म्हणणाऱ्याच्या कपात दोन बादल्या असतात. मीही त्यातलाच, मला चहा गोड लागतो.

उसाचं राजकारण आणि क्रिकेटचं राजकारण वेगळं काढता येत नाही, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण लातूरचंच आहे. बाभळगावचे विलासराव देशमुख. मांजरा साखर कारखान्याची उभारणी त्यांच्या नावाशी जोडलेली. राज्याचे मुख्यमंत्री झाले, पुढे केंद्रात गेले. जुलै २०११ मध्ये त्यांच्याकडे विज्ञान-तंत्रज्ञान आणि भूविज्ञान ही खाती आली. भारतीय हवामान विभाग या भूविज्ञान मंत्रालयाखालीच येतो. त्याच महिन्यात दिलीप वेंगसरकरांना हरवून ते मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले. मान्सूनचा अंदाज, साखरेचा कारखाना आणि वानखेडेची हिरवळ, हे तिन्ही धागे एका माणसाच्या हातात आले होते. यात मला कट दिसत नाही. सहकारी कारखाना आणि क्रिकेट संघटना, दोन्हीकडे मतदार मोजके, संबंध जुने आणि मान मोठा. जो पहिली निवडणूक काढू शकतो, त्याला दुसरी अवघड नाही. विलासरावांच्या आधी आणि नंतरही त्या खुर्चीवर शरद पवार होते, आणि २०१६ चा तो आदेश आला तेव्हाही तेच अध्यक्ष होते. पुण्यातल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं अध्यक्षपद २०२३ मध्ये रोहित पवारांकडे आलं, तेही साखर उद्योगातलेच.

म्हणून न्यायालयाचा आदेश मला आजही दोन तऱ्हेने दिसतो. माणसं आधी की सामने, हा प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारायला हवा होता, तो विचारला गेला, ठीकच झालं. पण वानखेडेचं पाणी वाचून लातूरच्या नळाला येणार नव्हतं. मधे साडेचारशे-पाचशे किलोमीटर आणि सह्याद्री. शिवाय सामना हलला तरी गवत हलत नाही, ते जगवायला पाणी लागतंच, आणि सामना जिथं जातो तिथल्या मैदानालाही लागतं. क्रिकेट दिसतं, त्याच्यावर दिवे असतात, कॅमेरे असतात. उसाच्या फडात रात्री दोन वाजता लाइट आल्यावर पाणी सुटतं, तेव्हा तिथं बॅटरी घेतलेला एकटा शेतकरी असतो. त्याला तरी दोष कसा देणार? सोयाबीनचा भाव कधी पडेल सांगता येत नाही, तुरीचं तेच. उसाचा दर कायद्याने ठरतो, कारखाना तोडून नेतो, गारपिटीत ऊस आडवा पडला तरी हातचा जात नाही. मोकाट पाण्याऐवजी ठिबक केलं तर तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी वाचतं, हे त्यालाही ठाऊक आहे. त्यासाठी खर्च आणि दिवसाची वीज हवी.

दोन वर्षांनी हेच नाटक वेगळ्या वेशात झालं. एप्रिल २०१८ मध्ये कावेरीच्या पाणीवाटपावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं, चेन्नईचे सामने पुण्याला आणले गेले. तर इथं उच्च न्यायालयाने गहुंजेच्या मैदानाला पवना धरणाचं पाणी वापरायला मनाई केली. एका नदीच्या वादातून सुटलेला चेंडू दुसऱ्या नदीत जाऊन पडला.

तोडगे नाहीत असं नाही. सांडपाणी शुद्ध करून मैदानाला द्यायचं, हा त्यातला सगळ्यात सरळ. हरळीला नत्र आवडतं, शुद्ध केलेल्या सांडपाण्यात ते थोडंफार असतंच. २०१६ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने न्यायालयात हीच तयारी दाखवली होती, आणि २०२४ मध्ये बंगळुरू तहानलं तेव्हा तिथल्या चिन्नास्वामी मैदानावर ते झालंही. पण जिथं चार-पाच दिवसांनी नळ येतो, तिथं सांडपाणी तरी कुठून आणायचं? म्हणजे हा तोडगा महानगरांचा. २०२३ मध्ये मंडळाने आयपीएलच्या बाद फेरीतल्या प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० झाडं लावण्याची घोषणा केली. २९४ निर्धाव चेंडू पडले, म्हणजे १ लाख ४७ हजार रोपं. चांगलं आहे. मात्र दर जुलैला त्याच खड्ड्यात नवं रोप लावताना फोटो काढणारा आमचा प्रदेश, त्यामुळे आम्ही रोपांची संख्या विचारत नाही, तिसऱ्या उन्हाळ्यात किती उरली ते विचारतो.

मराठवाड्याची पोरं मात्र या सगळ्यातून खेळत राहिली. बीडचा सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावांची खेळी करून गेला. आमच्या काळ्या मातीत चिकणमातीचे जे पापुद्रे असतात, त्यांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, उडालं की आक्रसते आणि तडकते. खेळपट्टी बनवणाऱ्यांना हेच हवं असतं: दाबून बसणारी, हळूहळू भेगाळणारी माती. आम्हाला ती फुकट मिळाली आहे. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ऑफस्पिनरला आणखी काय पाहिजे.

त्या स्पर्धेत शेजारच्या रानात ऊस उभा होता. नियम असा की चेंडू उसात गेला की फलंदाज बाद, कारण चेंडू शोधण्यात वेळ जातो. उपांत्य सामन्यात एकाने उंच मारला, तो फडात गेला, पोरगा मान खाली घालून परतला. मी काठावरच बसलो होतो, म्हणून चेंडू आणायला आत शिरलो. चार सऱ्या ओलांडल्या आणि चप्पल रुतून बसली. घोट्यापर्यंत चिखल. सकाळीच पाळी दिली असावी. आत गारवा होता, पाचटाखाली बेडूक ओरडत होते आणि चेंडू दोन सऱ्यांच्या मधल्या पाण्यावर तरंगत होता. बाहेर टँकर पुन्हा मैदानात शिरल्याचा आवाज आला.