१४० हा आकडा आला कुठून?

गरोदरपणातल्या मधुमेहाच्या तपासणीत माझा पहिला रिपोर्ट १४८ आला. सव्विसावा आठवडा चालू होता, ते ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी पाच मिनिटांत संपवायचं, मग तासभर खुर्चीत बसून राहायचं, कोपराच्या खळग्यात कापूस दाबून घरी यायचं आणि संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ. बाकी सगळे आकडे साध्या अक्षरात, हा एकटाच ठळक आणि शेजारी एक बारीकशी चांदणी. बाजूला लिहिलेलं, १४० पेक्षा कमी हवं. दुसरी, तीन तासांची टेस्ट तीन दिवसांनी होती. झोप तशीही येत नव्हती, म्हणून ते तीन दिवस मी या १४० चा माग काढत बसले, की हा आकडा नेमका ठरवला कुणी आणि कशावरून. जे सापडलं त्याने काळजी गेली नाही, पण काळजी कसली करायची हे जरा कळलं, म्हणून लिहितेय.

आधी शरीरात होतं काय ते थोडक्यात. वार, म्हणजे प्लासेंटा, जशी वाढते तशी ती जी हार्मोन्स सोडते त्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी व्हायला लागतो, म्हणजे रक्तातली साखर बाळाकडे जायला जास्त वेळ उरते. हे सगळ्याच गरोदर बायकांमध्ये होतं, त्यात आजार काही नाही. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढून हिशोब जुळवतं, आणि जिचं तेवढं पुरं पडत नाही तिची शुगर वर राहते. बाळंतपणात वार बाहेर पडली की बहुतेकींची शुगर परत खाली. चोवीस ते अठ्ठावीस आठवडे हीच वेळ टेस्टला धरतात ती म्हणूनच, तोवर शरीराचा इन्सुलिनला होणारा हा विरोध चांगलाच वाढलेला असतो आणि उपाय करायला दिवसही उरलेले असतात.

आता गोष्ट. १८२४ मध्ये बर्लिनमध्ये हाइनरिश बेनेविट्झ नावाच्या एका तरुण डॉक्टरने लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला, विषय काय तर मधुमेह हे गरोदरपणाचं लक्षण. एकाच बाईची केस. वय २२, पाचवं गरोदरपण, न भागणारी तहान आणि लघवीत साखर. बाळ जन्मताना दगावलं, वजन १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, इतकं दांडगं की बेनेविट्झने त्याला हर्क्युलिसची उपमा दिली. आणि बाळंतपणानंतर तिच्या लघवीतली साखर गायब! आज आपण जे सगळं बोलतो, मोठं बाळ, प्रसूतीत अडचण, नंतर शुगर नॉर्मल, ते सगळं त्या एका केसमध्ये आहे. फक्त क्रम बघा. तिथे आधी तहान, मग बाळ गेलं, मग अर्थ लावला. आमच्या वेळी तहान नाही, त्रास नाही, काहीच नाही, थेट आकडा.

मधल्या काळात गोंधळच होता. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या ब्लो या डॉक्टरांनी सांगितलं की बाळंतिणींच्या लघवीत साखर सापडणं नेहमीचंच आहे, आणि नंतर लक्षात आलं की त्यातली बरीचशी दुधातली साखर असते, लॅक्टोज. शिवाय गरोदरपणात मूत्रपिंडातून थोडं ग्लुकोज असंच निसटतं. म्हणजे लघवीवरून काही ठरवणं अवघडच. तरी पुढे शंभर वर्षं लघवीच बघत होते लोक, दुसरं सोयीचं होतं काय.

१८८२ मध्ये लंडनला जेम्स मॅथ्यूज डंकन या डॉक्टरांनी मधुमेह असलेल्या बायकांची २२ गरोदरपणं एकत्र मांडली. वाचवत नाही ते. बाळं तर गेलीच, काही आयाही गेल्या. पण त्यांनी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली की मधुमेह फक्त गरोदरपणातच दिसू शकतो, नंतर जाऊ शकतो आणि पुढे परत येऊ शकतो. त्यातला शेवटचा भाग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

१९२१-२२ मध्ये टोरोंटोत इन्सुलिन आलं आणि आया वाचायला लागल्या. बाळांचं मात्र तसं झालं नाही, ती जात राहिली. बॉस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये प्रिसिला व्हाइट यांनी अख्खी कारकीर्द या बायकांमागे घालवली आणि १९४९ मध्ये त्यांची वर्गवारी केली, मधुमेह किती वर्षांचा, शरीरावर काय परिणाम झालेत त्यावरून. साधारण त्याच सुमाराला कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी कारण मांडलं, ते इतकं साधं आहे की आजही डॉक्टर तेच सांगतात. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त काढतं, त्याने ते लठ्ठ होतं, आणि जन्मल्यावर आईकडून येणारी साखर अचानक बंद झाली की त्याची शुगर एकदम उतरते. तोवर आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली होती, की चाळिशी-पन्नाशीत मधुमेह झालेल्या बायकांना मागचं विचारलं तर त्यांची आधीची बाळं फार मोठी होती किंवा दगावलेली होती, आणि तेव्हा तर मधुमेहाचं निदानच नव्हतं. म्हणजे काहीतरी आधीपासून चालू होतं आणि कुणी पाहिलं नव्हतं.

इथून खरी टेस्टची गोष्ट सुरू होते. १९५० च्या दशकात बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये गरोदर बायकांना सरसकट ५० ग्रॅम ग्लुकोज पाजून तासाभराने रक्त तपासायला लागले. तिथे जॉन ओसलिव्हन नावाचे डॉक्टर होते, त्यांच्याबरोबर संख्याशास्त्र बघणाऱ्या क्लेअर महान. दोघांनी ७५२ गरोदर बायकांची १०० ग्रॅमची तीन तासांची टेस्ट केली, उपाशीपोटीचा एक आणि पुढे दर तासाला एक असे चार आकडे. प्रत्येकाची सरासरी काढली, त्यात दोन स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) मिळवले, आणि आलेल्या आकड्याच्या वर ते जास्त. दुसऱ्या तासाला १४३ आलं ते सोयीसाठी १४५ केलं, तिसऱ्या तासाला १२७ आलं त्याचं १२५ केलं. मी रात्री दीड वाजता हे वाचून अक्षरशः उठून बसले. राउंड फिगर! दोन आकडे वर आले तरच पॉझिटिव्ह धरायचं हा नियमही त्यांचाच, एखाद्या वेळी लॅबची चूक झाली तर बाईला उगाच शिक्का बसू नये म्हणून. ही १९६४ ची गोष्ट.

आणि मुख्य मुद्दा तर पुढेच आहे. या रेषेच्या वरच्या बायकांचं पुढे काय झालं हे त्यांनी तपासलं ते बाळाच्या बाबतीत नाही. त्यांचा प्रश्न होता, या बाईला पुढच्या काही वर्षांत मधुमेह होईल का. आकडे त्या प्रश्नाला बरे उतरले म्हणून टिकले. म्हणजे ज्या टेस्टच्या रिपोर्टवर आज प्रत्येक बाई पोटावर हात ठेवून बाळाला काही होणार नाही ना म्हणून रडते, ती मुळात तिच्या स्वतःच्या तब्येतीसाठी बेतलेली होती. मला तरी हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या १४० चं मूळ १९७३ मध्ये सापडलं. एका तासाच्या टेस्टला ओसलिव्हन यांनी १३० ची रेषा सुचवली होती, पण ती पूर्ण रक्तातल्या साखरेची. पुढे लॅबमध्ये प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग, तपासायला लागले, त्यात आकडा थोडा जास्त येतो, मग १३० चं झालं १४३, आणि त्याचं सोयीने १४०. हा गाळणीचा आकडा आहे, निदानाचा नाही. १४० च्या वर गेलेल्या बहुतेकींची मोठी टेस्ट नॉर्मल येते. गाळणी मुद्दाम बारीक ठेवलीय, पण ज्या बाईच्या हातात चांदणीवाला रिपोर्ट आहे तिला हे त्या संध्याकाळी सांगायला कुणी नसतं.

मोठ्या टेस्टचे आकडेसुद्धा असेच प्लाझ्मात बदलावे लागले आणि तिथे दोन फाटे फुटले. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल डायबेटिस डेटा ग्रुपने उपाशीपोटीपासून क्रमाने १०५, १९०, १६५, १४५ ठरवले. १९८२ मध्ये कार्पेंटर आणि कुस्टन यांनी म्हटलं की रूपांतर नीट झालेलं नाही, टेस्टची पद्धतही बदललीय, खरे आकडे ९५, १८०, १५५, १४०. दोन्ही वापरात राहिले. माझी मोठी टेस्ट सांगते, उपाशीपोटी ९७, पहिल्या तासाला १८४, पुढचे दोन व्यवस्थित. एका तक्त्याप्रमाणे मला गरोदरपणातला मधुमेह, दुसऱ्याप्रमाणे चारही आकडे नॉर्मल. बाई तीच, रक्त तेच. माझ्या लॅबकडे कार्पेंटर आणि कुस्टन यांचा तक्ता निघाला, म्हणजे मधुमेह.

जागतिक आरोग्य संघटना तोवर ७५ ग्रॅमच्या दोन तासांच्या टेस्टवर होती, गरोदर नसलेल्यांना लावतात तीच. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी तीच आणखी सोपी केली, उपाशीपोटी येण्याची सक्ती नको, ७५ ग्रॅम प्या, दोन तासांनी एकच रक्त, १४० किंवा वर असेल तर मधुमेह. लांबून येणाऱ्या गरोदर बाईला परत उपाशीपोटी बोलावलं तर ती येतेच असं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वात शहाणा विचार वाटतो, कारण तो आकड्यापासून नाही, बाईपासून सुरू होतो.

मग २००८ चा हापो नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास. ९ देश, १५ केंद्रं, २५ हजारांवर गरोदर बायका. सगळ्यांची ७५ ग्रॅमची टेस्ट केली आणि शुगर फारच वर असेल तरच सांगितलं, बाकीच्यांचे आकडे ना त्यांना कळले ना त्यांच्या डॉक्टरांना. विचार करा, आपल्या रिपोर्टमध्ये काय आहे ते माहीतच नाही आणि दिवस मजेत चाललेत. तर त्यातून निघालं काय, की रेषाच नाही. शुगर जसजशी वाढते तसतसं बाळाचं वजन, सिझेरियनचं प्रमाण, नाळेच्या रक्तातली इन्सुलिनची खूण हे सगळं हळूहळू वाढत जातं, अमुक आकड्यापर्यंत ठीक आणि पुढे धोका अशी पायरी कुठेच सापडली नाही. उतार आहे, कडा नाही. पण डॉक्टरला कुठेतरी रेषा मारावी तर लागतेच, म्हणून २०१० मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलं की सरासरी शुगरच्या तुलनेत जिथे या गोष्टींची शक्यता, संख्याशास्त्राच्या हिशोबात, पावणेदोन पट होते तिथे मारायची. आले उपाशीपोटी ९२, एका तासाला १८०, दोन तासांना १५३, आणि एकच आकडा वर आला तरी पुरे. पावणेदोनच का, दीड किंवा दोन का नाही, तर ते बैठकीत ठरलं. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे घेतलं. त्याच वर्षी अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या समितीने घेतलं नाही, त्यांचं म्हणणं असं की यात एवढ्या बायकांवर शिक्का बसेल की खर्च, भेटी आणि मनस्ताप वाढेल, आणि त्या बदल्यात फायदा किती ते दिसत नाही.

ते भांडण नंतर तपासलंही गेलं. २०२१ मध्ये अमेरिकेत जवळजवळ २४ हजार बायकांत दोन्ही पद्धती चिठ्ठी टाकल्यासारख्या वाटून दिल्या. एका टप्प्याच्या पद्धतीत, म्हणजे थेट ७५ ग्रॅमची टेस्ट, १६.५ टक्के बायकांना मधुमेह ठरला, दोन टप्प्यांच्या पद्धतीत, म्हणजे माझ्यासारखी आधी गाळणी मग मोठी टेस्ट, ८.५ टक्के. दुप्पट जणींना शिक्का, आणि बाळांच्या तब्येतीत म्हणावा असा फरक नाही.

आता हे वाचून कुणी म्हणेल की मग टेस्टच कशाला, सगळं बैठकीतलंच आहे. तसं नाही हो. २००५ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास बघा, हजार बायका, मध्यम वाढलेली शुगर, अर्ध्या जणींना आहार, शुगर मोजणं आणि लागलं तर इन्सुलिन, उरलेल्यांना काही सांगितलंच नाही. बाळांमधले गंभीर प्रकार ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. आणि ज्या कारणासाठी मी हे सगळं वाचत होते तेही तिथेच निघालं. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आयांना प्रश्नावली दिली, तेव्हा उपचार घेतलेल्यांत नैराश्याची लक्षणं ८ टक्के जणींत होती आणि काही न सांगितलेल्यांत १७ टक्के. म्हणजे कळल्याने माणूस खचतं असं सरसकट नाही म्हणता येत. कळलं आणि पुढे कुणी सोबत चाललं तर उलटच होतं. मला वाटतं सगळ्यात वाईट असतात ते मधले तीन दिवस, जेव्हा आकडा हातात आहे आणि बोलायला कुणी नाही.

मला इन्सुलिन लागलं नाही, दिवसातून चारदा बोट टोचायचं आणि वहीत लिहायचं एवढंच. पहिल्या आठवड्यात प्रत्येक आकड्याला परीक्षेचा निकाल लागल्यासारखी छाती धडधडायची. नंतर वही साधी वाण्याच्या हिशोबाची झाली. बाळ तीन किलो शंभर ग्रॅमचं, जन्मल्यावर त्याच्या टाचेतून शुगर बघितली ती बरोबर होती.

बाळंतपणानंतर चार ते बारा आठवड्यांत आईने ७५ ग्रॅमची टेस्ट परत करायची असते, आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी. डंकन १८८२ मध्ये जे म्हणाले, ओसलिव्हन ज्यासाठी आकडे काढत बसले, तोच हा प्रश्न. गरोदरपणात हा मधुमेह झालेल्यांना पुढे टाइप टू मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट जास्त असतो, २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात तो ७ पटींहून जास्त निघाला होता. आणि नेमकी हीच टेस्ट बायका करत नाहीत. बाळाची एक लस चुकली तर घरात चौघं विचारतात, या टेस्टचं कुणी विचारत नाही, आपणही नाही. माझी चिठ्ठी बाळाच्या लसीच्या फाइलमध्ये मागच्या कप्प्यात होती, अकरावा आठवडा लागला तेव्हा सापडली. सोमवारी जातेय, उपाशीपोटी, बाळ आईकडे ठेवून.