वॉटरफॉल पद्धत रॉइस यांनी सुचवली होती का?

परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नव्याने रुजू झालेल्या मुलांना प्रकल्प-व्यवस्थापन शिकवताना मला एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये वॉटरफॉल पद्धत सुचवली.’ वॉटरफॉल म्हणजे एक टप्पा पूर्ण झाल्यावरच पुढचा सुरू करत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत. ती रॉइस यांनी सुचवली, हे म्हणणे चूक आहे, आणि रॉइस यांच्यावर अन्याय करणारेही.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ असलेल्या रॉइस यांच्या १९७० च्या निबंधात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही. सिस्टीमच्या गरजांपासून प्रत्यक्ष वापरापर्यंत पायऱ्यांसारख्या उतरत जाणाऱ्या सात चौकटींची आकृती त्यात आहे, हे खरे. परंतु मूळ कल्पना मान्य असली तरी अशी अंमलबजावणी जोखमीची असून अपयशाला आमंत्रण देते, असे त्यांनी पुढे स्पष्ट लिहिले आहे. कारणही नेमके दिले आहे: चाचणी शेवटी येते, आणि प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या वेळेचे किंवा संगणकातील साठवणुकीचे गणित चुकल्याचे तेव्हा कळले, तर डिझाइनच बदलावे लागून खर्च किंवा मुदत दुपटीपर्यंत जाऊ शकते.

त्यांचा उपाय मला आजही मोलाचा वाटतो. ३० महिन्यांचे काम असेल, तर आधी सुमारे १० महिन्यांत एक प्रायोगिक आवृत्ती पूर्ण करावी, म्हणजे ग्राहकाच्या हाती जाणारी आवृत्ती खरे तर दुसरी असेल. शिवाय, त्या ग्राहकाला अंतिम सुपूर्तीच्या आधीच, टप्प्याटप्प्यावर औपचारिकपणे सहभागी करून घ्यावे, असेही त्यांनी सांगितले होते.