क्लच घसरतो तेव्हा: प्लेटा बदलण्याआधीचे गणित

घाटाच्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन रेस होते, पण गाडी काही उठत नाही. जुन्या मोटरसायकलवर असे होऊ लागले की गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकू येते: ‘प्लेटा गेल्या.’ पुष्कळदा ते खरेही असते. मात्र क्लच कशाच्या जोरावर पकड धरतो हे पाहिले, तर इंजिनचे कव्हर उघडण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात हे लक्षात येते.

आपल्याकडच्या बहुतेक १०० सीसी गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच काम करतो. घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटा आणि साध्या पोलादी प्लेटा त्यात एकाआड एक रचलेल्या असतात. अस्तराच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या हाउसिंगमध्ये अडकलेल्या असतात, पोलादी प्लेटा गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या हबवर बसलेल्या असतात आणि स्प्रिंगा प्रेशर प्लेटच्या मार्फत ही सगळी चळत दाबून धरतात. क्लच किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलू शकेल हे स्प्रिंगांचा दाब, घर्षणांक, प्लेटेची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या यांच्या गुणाकाराने ठरते. उदाहरणादाखल ९०० न्यूटन दाब, ०.१२ घर्षणांक (पृष्ठभागांची पकड सांगणारा आकडा), ४.५ सेंटिमीटर त्रिज्या आणि ८ पृष्ठभाग धरले, तर उत्तर सुमारे ३९ न्यूटन-मीटर येते. इंजिन स्वतः साधारण ८ न्यूटन-मीटर देते, पण क्लचपर्यंत येताना प्रायमरी गिअरमुळे, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरच्या पहिल्या जोडीमुळे, त्याचे जवळपास २४ होतात. म्हणजे पकड शाबूत ठेवणारी शिल्लक १५ न्यूटन-मीटरची. त्रिज्या आणि पृष्ठभागांची संख्या बदलत नाहीत. त्यामुळे ही शिल्लक खाणारा दोषी दाब तरी असतो, नाही तर घर्षण.

गिअरबॉक्स क्लचच्या पुढे असल्यामुळे गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे याचा क्लचला पत्ता नसतो. तरीही घसरणे वरच्या गिअरमध्ये आधी जाणवते, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा वेग झपाट्याने चढतो, टॉर्कचा काही भाग क्रँक आणि मॅग्नेटचे वजन फिरवण्यातच खर्च होतो आणि थोडेसे घसरणे त्या वाढत्या आवाजात लपून जाते. वरच्या गिअरमध्ये मात्र पूर्ण ओझे क्लचवर बराच वेळ टिकून राहते. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ८ न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे ४,२०० वॉट. त्यातले १० टक्के जरी घसरण्यात गेले, तरी ४०० वॉटहून अधिक उष्णता त्या पातळ प्लेटांमध्ये निर्माण होते. तिने ऑइल जळते, अस्तराची छिद्रे बुजून पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो, घर्षण आणखी घटते आणि क्लच आणखी घसरतो.

दाबाची पहिली तपासणी लिव्हरवर होते. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. वापराने वायर लांबली की ही चाल वाढते, हे सर्वांना ठाऊक असते. प्लेटा झिजल्या की ती कमी होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. चळत पातळ झाली की प्रेशर प्लेट तेवढी सरकून क्लच उचलणाऱ्या दांड्याला टेकते आणि मोकळी जागा संपते. मग स्प्रिंगांचा काही दाब प्लेटांऐवजी वायरवर पडतो, म्हणजे हात लिव्हरवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. ॲडजस्टर दोन फेरे सैल करून घसरणे थांबले, तर कव्हर उघडायचे कारण उरत नाही. ट्रॅफिकमध्ये सतत दोन बोटे लिव्हरवर ठेवणारे स्वार हाच दोष हाताने निर्माण करत असतात.

दुसरी तपासणी ऑइलची. मोटारीसाठीच्या काही ऑइलांमध्ये इंधन वाचवण्याकरिता घर्षण कमी करणारी रसायने असतात, आणि तीच ओल्या क्लचच्या मुळावर येतात. जपानच्या जासो मानकात १९९८ पासून याची वर्गवारी आहे: डब्यावर एमए किंवा एमए२ असेल तर ते ओल्या क्लचला चालते, एमबी असेल तर चालत नाही.

दोन्ही ठीक असूनही पकड येत नसेल, तर कव्हर उघडावेच लागते. नवी असताना साधारण ३ मिलिमीटर जाड असलेली अस्तराची प्लेट कंपनीने दिलेल्या मर्यादेखाली गेली असेल तर ती बदलावी. पोलादी प्लेट निळी पडली असेल तर काचेवर आडवी ठेवून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तिचा बाक पाहावा. स्प्रिंगांची लांबीही मोजावी, कारण वर्षानुवर्षे तापून त्या बसतात. स्प्रिंगांखाली वॉशर घालण्याचा जुगाड गणिताला धरून आहे, त्याने दाब खरोखरच वाढतो. पण लिव्हर जड होतो, वायर लवकर तुटते आणि वॉशर जाड असेल तर वेटोळी एकमेकांना टेकून क्लच पूर्ण सुटतच नाही. प्लेटा पॉलिश पेपरवर घासणे हाही चार दिवसांचाच उपाय.

नव्या प्लेटा बसवण्याआधी काही तास ऑइलमध्ये भिजवाव्यात, कारण कोरडे अस्तर पहिल्याच चढावर करपते. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. एकीकडून आवळत गेल्यास प्रेशर प्लेट तिरकी बसते. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये नवे अस्तर थोडे दबते आणि लिव्हरची मोकळी चाल पुन्हा कमी होते, म्हणून ती त्यानंतर एकदा मोजून ॲडजस्टर पुन्हा लावून घ्यावा.