सिस्टर की मावशी? आजारी माणसासाठी घरी कोणाला बोलवायचं

अर्धांगवायूनंतर बाबांना घरी आणलं तेव्हा त्यांच्यासोबत दोन नळ्या आल्या. एक नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब आणि दुसरी लघवीची. घरी नर्स किंवा मावशी पुरवणाऱ्या एका ब्यूरोला आम्ही फोन केला. ‘सिस्टर पाठवतो,’ ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पांढरा ॲप्रन घातलेल्या बाई दारात उभ्या राहिल्या आणि आमच्या जिवात जीव आला.

चौथ्या दिवशी बाबांनी झोपेत नाकातली नळी उपसली. बाई ती धुऊन परत घालायला निघाल्या. आईनं विचारलं, ‘तुम्ही हे शिकलाय ना?’ त्या थांबल्या. ‘दवाखान्यात बघितलंय पुष्कळदा,’ म्हणाल्या.

नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली असती आणि आम्ही त्यातून पेज ओतली असती, तर ती थेट फुप्फुसात उतरली असती. मला त्या बाईंचा राग नाही. त्यांनी स्वतःला नर्स म्हटलंच नव्हतं. ब्यूरोनं म्हटलं होतं, आणि आम्ही ॲप्रन पाहून पुढचं काही विचारलंच नाही.

रुग्णालयात मामा, मावशी, ब्रदर, सिस्टर कोण ते लगेच कळतं. घरी मात्र जी येईल ती सिस्टर. नर्स म्हणजे एएनएम (२ वर्षं), जीएनएम (३ वर्षं) किंवा बीएस्सी नर्सिंग (४ वर्षं) शिकून नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी केलेली व्यक्ती. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करते. नोंदणीचा क्रमांक असतो आणि तो मागण्यात काहीही वावगं नाही. खरी नर्स तो बिनदिक्कत दाखवते. मावशी म्हणजे अटेंडंट किंवा केअरटेकर. कुणी जनरल ड्युटी असिस्टंटचा काही महिन्यांचा कोर्स केलेला असतो, कुणाच्या गाठीशी फक्त अनुभव असतो. तिच्याकडे कौन्सिलचा क्रमांक नसतो, आणि तिच्या कामाला तो लागतही नाही.

कामं कशी वाटायची? मला डॉक्टरांनी एक साधी खूण सांगितली. त्वचेच्या किंवा शरीराच्या आत काही घालायचं असेल, तर ते नर्सचं काम. सलाइन, शिरेतलं इंजेक्शन, राइल्स ट्यूब घालणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, गळ्याला छिद्र केलेल्या रुग्णाचं सक्शन म्हणजे कफ ओढून काढणं, खोल जखमेचं ड्रेसिंग, हे सगळं तिच्याकडे. याला अपवाद आहेत. इन्सुलिनचं इंजेक्शन घरचे लोक शिकून घेतात. बसलेल्या नळीतून अन्न देणंही डिस्चार्जच्या आधी नर्स शिकवते, तेव्हा मावशींनाही शिकवता येतं. डोक्याकडची बाजू उंच करायची, अन्न हळूहळू सोडायचं आणि नंतर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही.

पण मावशींचं काम कमी शिक्षणाचं म्हणून सोपं, असं समजू नका. अर्धांगवायूच्या माणसाला शर्ट घालताना आधी दुबळा हात बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. चालवताना दुबळ्या बाजूला उभं राहायचं. उठवताना त्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि बदलताना माकडहाड, टाचा, घोटे पाहायचे, कारण बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात एका लालसर डागानं होते आणि तो डाग पहिल्यांदा अंग पुसणाऱ्या बाईलाच दिसतो. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. आमच्या मावशींना यातलं बहुतेक सगळं हातात बसलेलं होतं. बाबांना पलंगावरून खुर्चीत त्या अशा बसवायच्या की बाबांच्या चेहऱ्यावर भीती दिसायची नाही. आम्ही मुलं बसवायचो तेव्हा दिसायची.

म्हणून पैशांनी किंवा भीतीनं निवड करू नका. आमच्या ओळखीच्या एका घरात स्मृतिभ्रंश झालेल्या आजींसाठी १२ तासांची नर्स ठेवली होती. आजींना इंजेक्शन नव्हतं, नळी नव्हती. त्यांना हवी होती दिवसभर सोबत बोलणारी, वेळेवर जेवू घालणारी, दार उघडून बाहेर जाऊ न देणारी बाई. नर्स खुर्चीत बसून राहायची आणि पैसे दुप्पट जायचे. याच्या उलट चूक आमची.

आधी रुग्णाचे २४ तास कागदावर लिहा. सकाळी तोंड धुण्यापासून रात्रीच्या शेवटच्या गोळीपर्यंत. मग प्रत्येक कामापुढे कोण ते लिहा. बहुतेक घरांत दिवसभर मावशी आणि ठरावीक दिवशी नर्सची व्हिजिट एवढं पुरतं. ब्यूरोला फोन करताना ‘सिस्टर हवी’ म्हणू नका, कामं वाचून दाखवा आणि ‘यातलं काय त्यांना येतं?’ असं विचारा.

एजन्सीला विचारायच्या बाकी गोष्टी थोड्या आहेत. बाई त्यांच्या पगारावर आहे की ते फक्त कमिशन घेऊन ओळख करून देतात? सुटीच्या दिवशी बदली कोण पाठवणार? पोलिस पडताळणी झाली आहे का? २४ तासांची ड्युटी असेल तर तिनं झोपायचं केव्हा, हे तुम्हीच आधी ठरवा. रात्री दर दोन तासांनी उठणारी बाई दिवसाही जागी राहू शकत नाही. आणि घरातली भांडी तिच्या कामात धरू नका.

त्याच मावशी आमच्याकडे पुढे आठ महिने राहिल्या. नळ्यांसाठी नर्स येऊन जायची. कपाटावर कामांचा कागद चिकटवला होता, त्यावर नर्सचा फोन नंबर आणि पुढच्या व्हिजिटची तारीख. तळाशी मावशींनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली होती: ‘नळी निघाली तर हात लावायचा नाही, फोन करायचा.’