माटवीपासून रंगवलेल्या भोपळ्यापर्यंत

ऑक्टोबर संपत आला की कोकणातल्या काही बालवाड्यांतून आता पालकांना निरोप येतो : मुलाबरोबर एक लहान तांबडा भोपळा पाठवा. त्यावर डोळे, दात, मिशा रंगवतात, टिकल्या चिकटवतात. घरातली म्हातारी माणसं विचारतात, हे कसलं नवं खूळ?

हे हॅलोवीनचं खूळ. मूळचं आयर्लंड-स्कॉटलंडकडचं, आणि तिथे त्यात भोपळा नव्हताच. ३१ ऑक्टोबरच्या रात्री तिथली मुलं शलगम पोखरून, त्यावर चेहरा कोरून आत दिवा ठेवायची. डोनेगलच्या अशा एका शलगमाची प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचं सुरकुतलेलं तोंड पाहिलं की आजचा भोपळा फारच सोज्वळ वाटतो. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला आणि लाखो माणसं अमेरिकेला गेली. तिथे भोपळा मुबलक, शिवाय पोखरायला कितीतरी सोपा. शलगम मागे पडला.

हॅलोवीन हा ख्रिस्ती लोकांचा सण, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. पण वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अंमल होता. तिथले ख्रिस्ती २ नोव्हेंबरला आपल्या मृतांच्या कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्यात भोपळा कुठेच नाही. भोपळ्याचा चेहरा आला तो अमेरिकेतून, तोही अलीकडे, टीव्ही आणि मोबाइलच्या वाटेने.

गंमत अशी की तांबडा भोपळा स्वतःही अमेरिकेचाच. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत या कुळातल्या लागवडीच्या फळाच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. मिरची, काजू, अननस यांच्यासारखाच तोही समुद्रापलीकडून आला आणि घारग्यांत असा मुरला की परका वाटेनासा झाला. त्याआधी आपल्याकडे दुधी होता, कोहळा होता. कोहळा दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगायचा. दुधी वाळवून डहाणूकडचे वारली त्याचा तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, करतात. लेकीकडून परत निघालेली गोष्टीतली म्हातारी ज्यात बसली, तो भोपळा तांबडाच होता असं तरी कुणी सांगावं?

पण मुलांनी फळं घेऊन सजावट करायची, ही गोष्ट दक्षिण कोकणाला मुळीच नवी नाही. सिंधुदुर्गात चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात. लाकडी चौकट छताला टांगायची, तिला आंब्याचे टहाळे बांधायचे आणि मग रानातलं, परसातलं जे मिळेल ते लटकवायचं : नारळ, बेड्यांचे म्हणजे सुपारीचे घोस, शेरवडं, हरणं अशी रानफुलं, तवशी म्हणजे काकड्या, पडवळ, दोडकी, चिबूड. आणि कवंडळं तर हवीतच. पिकून केशरी-लाल झालेलं कवंडळ खायच्या कामाचं नाही, पण माटवीत त्याच्यासारखं उठून काही दिसत नाही. ते शोधायला रानात पोरंच हवीत. वेल कुठे चढलाय हे मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. कवंडळ, तवसं, पडवळ, दोडका, चिबूड ही सगळी भोपळ्याचीच भावंडं.

दिवाळीत त्याच कुळातलं आणखी एक फळ येतं, कारीट. नरकचतुर्दशीला तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने ते फोडायचं आणि जिभेला लावून तोंड कडू करून घ्यायचं. त्याच पहाटे सिंधुदुर्गात आणि गोव्यात पोरांनी जागून केलेला नरकासुर जळतो. दात विचकणारं भयंकर तोंड करण्याची हौस इथल्या मुलांना बाहेरून आणायची गरज पडलेली नाही. म्हणून रंगवलेल्या भोपळ्यावर नाक मुरडण्यात मला अर्थ दिसत नाही. मात्र बालवाडीने वर्षाला एकच सजावट ठेवायची असेल, तर माझं मत माटवीला.

भोपळा आणलाच तर तो चिरू नये, हे मात्र आपल्या हवेचं म्हणणं आहे. आयर्लंडच्या थंडीत पोखरलेलं फळ टिकतं. इथल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, खाऱ्या दमट हवेत त्याला लगेच बुरशी धरते. शिवाय चार वर्षांच्या हातात सुरी कशाला? पावसाळी वेलाचा भोपळा या दिवसांत जून झालेला असतो. देठ न तोडता, साल न दुखवता ठेवला तर तो महिनोन्‌महिने राहतो. गेरू आणि तांदळाच्या पिठाने रंगवला तर धुऊन, सोलून त्याचे घारगेही होतात. टिकल्या आणि चमकी आधी काढाव्या लागतील, एवढंच.